किती म्हणजे जास्त? पाळीच्या रक्ताच्या मोजमापाचा इतिहास

पाळी आणि विटाळ, पाळी आणि देवधर्म यावर मराठीत पुष्कळ बोललं आणि लिहिलं गेलं आहे. ते आज आपण बाजूला ठेवणार आहोत. आजचा प्रश्न साधा आहे, जवळजवळ हिशेबाचा म्हणावा असा. एखादी बाई म्हणते, "मला फार जातं." फार म्हणजे किती? हे तिनं कुणाला सांगायचं, आणि ऐकणाऱ्यानं ते कशावर तोलायचं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला वैद्यकाला विसावं शतक अर्धं उलटून जावं लागलं. त्या उशिराची किंमत कुणी मोजली, तेही आपण शेवटाकडे पाहू.

आधी आपले शब्द पाहू. कावळा शिवला, बाहेरची झाली, बाजूला बसली, अडचण आहे. हे सगळे शब्द बाई कुठे बसली आहे ते सांगतात. घरात कितवा दिवस चालू आहे हे सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असायचं. दिवस काटेकोर मोजले जायचे, रक्त मात्र कुणी मोजत नव्हतं. जिला सात-आठ दिवस जायचं तिची तर मोठीच पंचाईत. पाचव्या दिवशी न्हाऊन घरात आली की रीतीपुरती पाळी संपली, मग अंगावर चालू असो वा नसो, पाणी भरा आणि दळण घ्या. खुद्द रक्तासाठी शब्द एकच, ‘अंगावर जाणं’, आणि त्यातच पांढरं जाणंही आलं. गाठी पडतात, कळा येतात, कंबर मोडून येते, हे बायका बायकांतच बोलायच्या. वापरायला जुन्या लुगड्याच्या घड्या. त्या धुवायच्या, आणि दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवायच्या. किती घड्या लागल्या हे फक्त त्या धुणाऱ्या हातांना माहीत.

शास्त्रग्रंथांत माप नव्हतं असं नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात शरीरातल्या द्रव्यांची मापं दिली आहेत, त्यात स्त्रीच्या रजाला चार अंजली म्हटलं आहे. अंजली म्हणजे ज्याची त्याची ओंजळ. तिकडे ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथांनी दोन कोटिले हे माप दिलं, म्हणजे साधारण अर्धा लिटर. आजच्या हिशेबानं हा आकडा दहापट तरी फुगलेला आहे. लिहिणाऱ्यांनी ओंजळ भरून पाहिली असेल असं काही वाटत नाही! दुखण्याचं वर्णन मात्र आपल्याकडे फार नेमकं सापडतं. चरकसंहितेत ‘उदावर्तिनी’ नावाचा योनिव्यापद सांगितला आहे: आधी कळा, आणि रक्त मोकळं सुटलं की लगेच आराम. पहिल्या दिवशी पोटाशी पाय घेऊन पडलेल्या कितीतरी मुलींना हे आपलंच वर्णन वाटेल.

आता एकदम १८७३ सालच्या अमेरिकेत जाऊ, कारण बायकांना विचारून उत्तर शोधण्याची एक महत्त्वाची सुरुवात तिथं झाली. बॉस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी एक पुस्तक लिहिलं. वाढत्या वयाच्या मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर शरीराची शक्ती मेंदूकडे वळते, पाळी बिघडते आणि गर्भाशय नीट वाढत नाही, असा त्यांचा दावा होता. पुस्तक खपलं, आणि मुलींची कॉलेजं अडचणीत आली. १८७६ साली हार्वर्डच्या बॉयल्स्टन पारितोषिकासाठी विषयच असा होता की पाळीत स्त्रीला शारीरिक आणि मानसिक विश्रांती लागते का. निनावी पाठवलेल्या एका निबंधाला हे पारितोषिक मिळालं, आणि नंतर कळलं की तो मेरी पटनम जेकोबी या डॉक्टर स्त्रीचा आहे. त्यांनी प्रश्नावली काढली होती. दुखतं का, किती, किती दिवस, पडून राहावं लागतं का, किती चालता येतं. २६८ बायकांची उत्तरं त्यांनी तक्त्यांत मांडली. नाडी आणि तापमानही तपासलं. पोषण ठीक असलेल्या बाईला पाळीच्या स्वभावामुळे विश्रांतीची गरज पडत नाही, असा निष्कर्ष निघाला. ज्यांना दुखत होतं त्यांचं दुखणं त्यांनी नाकारलं नाही. ते सगळ्या बाईजातीचं लक्षण धरायला नकार दिला.

जेकोबी ज्या कॉलेजातून १८६४ साली डॉक्टर झाल्या, फिलाडेल्फियाच्या त्याच बायकांच्या वैद्यकीय कॉलेजातून १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. मधे कॉलेजचं नाव तेवढं बदललं. आनंदीबाईंबद्दल आपण इतकं ऐकलेलं असतं, पण त्या कोणत्या वादाच्या पाठोपाठ तिथं शिकायला गेल्या, ते सहसा ऐकायला मिळत नाही.

वस्तूंचा इतिहास इथं थोडक्यातच सांगतो, कारण तो पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. जॉन्सन अँड जॉन्सननं १८९६ साली पॅड विकायला काढले, पण जाहिरात करायची सोय नव्हती आणि दुकानात मागायला बायका धजेनात. पहिल्या महायुद्धात जखमांसाठी लाकडाच्या लगद्यापासून कापसासारखी वस्तू केली होती. परिचारिका ती पाळीत वापरू लागल्या, आणि १९२० साली त्यातून कोटेक्स बाजारात आलं. टॅम्पॉनचं आजचं रूप आणि रबरी कप, दोन्ही १९३० च्या दशकातले. कपाचं १९३७ चं पेटंट लिओना चाल्मर्स या अभिनेत्रीचं आहे. नंतर चिकटपट्टीचे पॅड आले आणि कमरेचा पट्टा गेला. या सगळ्या जाहिरातींचा सूर जवळपास एकच राहिला: कुणाला कळणार नाही. पुढे टीव्हीवर रक्ताच्या जागी निळं पाणी ओतलं जाऊ लागलं. पॅड किती शोषतो हे दाखवायचं, पण काय शोषतो ते दाखवायचं नाही.

आणि आता आजच्या व्याख्यानाचा मुख्य भाग. वापरलेला पॅड ही फेकायची वस्तू. तीच मोजायचं साधन होऊ शकते, हे स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी ओळखलं. १९६४ साली लाइफ हालबर्ग आणि लेनार्ट निल्सन यांनी पद्धत मांडली. बाईनं पाळीतले सगळे वापरलेले पॅड पिशवीत साठवून आणायचे. प्रयोगशाळेत ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजत घालायचे. रक्तातलं हिमोग्लोबिन त्या पाण्यात उतरतं आणि त्याचा तपकिरी रंग होतो. तो रंग किती गडद आहे ते यंत्रावर पाहायचं, आणि त्याच बाईच्या शिरेतून काढलेल्या रक्ताशी ताडून पाहायचं. निघालेलं उत्तर थेट मिलिलिटरमध्ये. पाळीच्या स्रावात रक्त साधारण निम्मं किंवा त्याहूनही कमी असतं, बाकी इतर द्रव. त्यामुळे नुसतं पॅडचं वजन करून भागलं नसतं.

१९६६ साली त्यांनी गोथेनबर्ग शहरातल्या ४७६ बायकांची मोजणी प्रसिद्ध केली. या बायका दवाखान्यात तक्रार घेऊन आलेल्या नव्हत्या, लोकसंख्येतून वयोगटाप्रमाणे निवडल्या होत्या. सरासरी निघाली चाळीस मिलिलिटरच्या थोडी वर. स्वयंपाकघरातले तीन मोठे चमचे समजा. कुठे चार अंजली, कुठे तीन चमचे! पण सरासरीपेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. काही थोड्या बायकांचं रक्त या सरासरीच्या कितीतरी पट जात होतं. आणि ८० मिलिलिटरच्या वर जाणाऱ्यांत रक्तक्षय, अंगातलं लोह संपणं, ठळकपणे दिसत होतं. तेव्हापासून ८० हा आकडा जगभरच्या पुस्तकांत बसला. ‘फार जातं’ याला पहिल्यांदा एक रेघ मिळाली.

रेघ मिळाली म्हणजे औषध तपासता येऊ लागलं. गोळी घेण्याआधी किती आणि नंतर किती, हे सांगता येईना तोवर कुठलंही औषध हा अंदाजाचाच मामला होता. इथं गोष्ट जपानकडे वळते. युद्धानंतरच्या टोकियोत उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके संशोधन करत होते. पैसे नव्हते. त्यांनी रक्ताचा अभ्यास निवडला, कारण प्रयोग अडला तर स्वतःचं रक्त काढता येत होतं. लहान मुलीला पाठीशी बांधून उताकोबाई प्रयोगशाळेत उभ्या राहत. शरीरात रक्ताची गुठळी धरते तशीच ती विरघळवणारी यंत्रणाही असते. ती थोपवणारं द्रव्य ते शोधत होते, आणि उताकोबाईंच्या डोळ्यांसमोर बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका होत्या. १९६२ साली त्यांनी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड प्रसिद्ध केलं. गर्भाशयाच्या अस्तरात ही विरघळवणारी यंत्रणा मुळातच जोरात चालते, काही बायकांत जास्तच. म्हणून हे औषध पाळीतही लागू पडेल असा कयास होता. १९६७ साली गोथेनबर्गच्याच निल्सन आणि रिबो यांनी पाळीच्या जास्त रक्तस्रावावर त्याची चाचणी प्रसिद्ध केली. कुणाला औषध आणि कुणाला नुसती गोळी, हे ना डॉक्टरला ठाऊक ना बाईला. रक्त खरोखर कमी झालं. पुढच्या अभ्यासांत हे प्रमाण साधारण चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत भरलं. उताकोबाई २०१६ साली वारल्या, वय ९८. बाळंतपणातल्या रक्तस्रावावर त्यांचं औषध जीव वाचवतं हे दाखवणारी मोठी चाचणी २०१७ मध्ये आली, वीस हजारांहून जास्त बायकांची. एक वर्षानं चुकामूक झाली.

दुखण्याचं कोडंही याच सुमारास सुटलं. पाळीच्या स्रावातच गर्भाशयाला पिळणारं काहीतरी आहे, हे व्ही. आर. पिकल्स या संशोधकानं १९५७ साली दाखवलं. ते म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. ज्यांना फार दुखतं त्यांच्या स्रावात ते जास्त असतं हेही नंतर दिसलं. ॲस्पिरिनसारखी औषधं याच द्रव्याची निर्मिती थांबवतात हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये सिद्ध केलं, आणि त्यांना १९८२ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आपल्याकडे घराघरात पाळीसाठी घेतात ती मेफेनॅमिक ॲसिडची गोळी याच कुळातली. कळा असह्य झाल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच घेतली तर जास्त उपयोगी का पडते, याचंही उत्तर इथंच आहे. द्रव्य तयार होऊन गेलं की गोळी त्याला परत बोलावू शकत नाही. "लग्न झालं की राहील", "एक मूल झालं की दुखायचं थांबेल", ही घरोघरची उत्तरं होती आणि आहेत. काहींचं थांबतंही. पण तोवरची दहा वर्षं?

आता या ८० च्या रेघेची दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये पुढच्या वीसेक वर्षांत तक्रार घेऊन आलेल्या बायकांचं रक्त मोजलं, तर त्यांतल्या बऱ्याच जणी ८० च्या खाली निघाल्या. मग त्यांना काय सांगितलं गेलं असेल? तुमचं नॉर्मल आहे. उलट ८० च्या वर जाणाऱ्या काही जणींना स्वतःचं प्रमाण नेहमीसारखंच वाटत होतं, कारण आईचं आणि बहिणीचंही तेवढंच. माप आलं, आणि त्याच मापानं बाईचं बोलणं खोडायची सोयही झाली. शिवाय कॉस्टिक सोड्यात पॅड भिजवणारी प्रयोगशाळा गल्लीतल्या दवाखान्यात कुठून आणणार? यावर १९९० मध्ये जेनी हायम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चित्रांचा तक्ता काढला. पॅडची तीन चित्रं: जरा डागलेला, बराच भरलेला, पूर्ण भिजलेला. गुण १, ५ आणि २०. पूर्ण भिजलेल्या टॅम्पॉनला १०. लहान गाठीला १, मोठीला ५. बाईनं रोज खुणा करायच्या. पूर्ण पाळीची बेरीज १०० च्या वर गेली तर रक्त ८० मिलिलिटरच्या वर असण्याची शक्यता मोठी. कागद, पेन्सिल आणि तिची स्वतःची नजर, एवढंच साहित्य. आम्हाला हा तक्ता या सगळ्या इतिहासातली सर्वात उपयोगी वस्तू वाटतो. शेवटी २००७ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं व्याख्याच बदलली. ज्या रक्तस्रावानं बाईचं शारीरिक, मानसिक, सामाजिक जगणं बिघडतं, तो जास्त. आकडा गेला आणि तिचं म्हणणं परत आलं.

हे सगळं स्वीडन-ब्रिटनचं. महाराष्ट्रात काय चाललं होतं? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास निघाला. पाळीच्या तक्रारीही त्यातच आल्या. आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. कुटुंब नियोजनाची यंत्रणा तोवर गावोगाव पोचलेली होती हे लक्षात घ्या. तिचं लक्ष पोरं किती यावर होतं.

नंतरच्या काळात सरकारचं लक्ष पाळीकडे वळलं, ते पॅडच्या वाटेनं. २०१८ च्या महिला दिनी राज्यात अस्मिता योजना आली, जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना स्वस्तात पॅड. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा जीएसटी गेला. चांगलंच झालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते २४ वयाच्या मुलींपैकी सुमारे ६४ टक्के पॅड वापरतात असं निघालं, आणि निम्म्या कापडही वापरतात. पाहणीनं ‘काय वापरता’ हे विचारलं. ‘किती जातं’ हे विचारलं नाही. त्याच फेरीत देशातल्या ५७ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. याला खाण्यापिण्यापासून जंतांपर्यंत कारणं अनेक आहेत, पण दर महिन्याला जाणारं रक्तही त्यात धरावं लागतं.

मग २०१९ मध्ये बीड. ऊसतोड मजूर बायकांची ‘पिशवी काढली’ जाते, ही बातमी देशभर गाजली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. आरोग्य खात्याच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा झाला तर दंड कापला जातो. पहाटे फडात जायचं, मोळ्या डोक्यावरून गाडीत भरायच्या, राहायला कोपी, संडास नाही, पाणी लांब. कापडाची घडी धुवायची कुठे आणि वाळवायची कुठे? पॅड बदलायला आडोसा कुठला? अशा जागी जास्त जाणं म्हणजे थेट मजुरीचं नुकसान. या सगळ्या शस्त्रक्रिया रक्तस्रावासाठीच झाल्या असं नाही. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, आणि "पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल" ही दाखवलेली भीती, अशी बरीच कारणं बायकांनी सांगितली. पण देशपातळीवर कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीनं गर्भाशय काढल्याचं कारण विचारलं तेव्हा निम्म्याहून जास्त बायकांनी पाळीतला अति रक्तस्राव किंवा दुखणं हेच सांगितलं. शस्त्रक्रियेच्या वेळचं मध्यक वय होतं ३४. सोबत अंडाशयंही काढली असली तर त्याच दिवसापासून रजोनिवृत्ती सुरू.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड तोवर पन्नाशी ओलांडून गेलं होतं. ती गोळी प्रत्येकीला पुरली असती असं आम्ही म्हणत नाही. गाठी असतील, अस्तराचा आजार असेल, काहींना शस्त्रक्रियाच लागली असती. पण गोळी, हार्मोनची कॉपर-टीसारखी बसवायची वस्तू, लोह, हे सगळं करून पाहिल्यानंतरची ती पायरी आहे. बीडच्या किती जणींना त्याआधीची एक तरी पायरी मिळाली?

व्याख्यानानंतर श्रोत्यांतून एक प्रश्न आला होता, तो इथं जोडतो. "हे सगळं ठीक, पण जास्त जाणाऱ्या मुलीनं वापरायचं काय?" २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनच्या संशोधकांनी २१ वस्तू खऱ्या रक्तपेशी वापरून तपासल्या. रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या पिशव्या त्यांनी घेतल्या. कंपन्यांच्या चाचण्या तोवर पाण्यावर किंवा मिठाच्या पाण्यावर चालत. आत बसवायच्या डिस्कमध्ये सर्वात जास्त मावलं, सरासरी ६१ मिलिलिटर. पीरियड पँटीत सर्वात कमी, दोनच्या आसपास. तेव्हा जोराच्या दिवशी नुसत्या पँटीवर विसंबू नये. कप पुरेसा धरतो, आणि अनेक कपांवर मिलिलिटरच्या खुणा असतात, म्हणजे माप आपोआप कळतं. मात्र तो धुवायला पाणी आणि उकळायला सोय हवी. टॅम्पॉन लागेल तेवढ्याच क्षमतेचा घ्यावा आणि वेळेवर बदलावा. जास्त शोषणाऱ्या टॅम्पॉनमुळे १९८० मध्ये अमेरिकेत जीव गेले आहेत. कापड वाईट नाही, पण ते उन्हात वाळलं पाहिजे. आणि काहीही वापरा, एका पाळीचा तो चित्रांचा तक्ता वहीत भरा आणि डॉक्टरांकडे न्या. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन तपासायला सांगा. लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन मागाहून उतरतं. कुटुंबात कुणाला पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल तर गोळी घेण्याआधी ते सांगा. दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल आणि दोन-तीन तास तसंच चालू राहिलं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.